दसऱ्याच्या बैठकीनंतर अश्विनीला

चि. अश्विनीस अनेक आशीर्वाद,

मिरजेला पोचल्याचा मेसेज केलास, पुण्याला पोचल्याचा केला नाहीस. दादाला विचारलं तर म्हणाला, तिची नाइट होती, झोपली असेल. असेल. फोन केला की तू "हं, बोल" म्हणतेस, मागं वॉर्डातली बेल वाजते आणि माझं बोलायचं राहून जातं. म्हणून लिहायला बसले. पानं माझ्या आशा वर्करच्या कामाच्या जुन्या डायरीतली आहेत, मागच्या बाजूला लसीकरणाची यादी दिसली तर हसू नको.

पहिलं हे की तू जर्मनीला जायचं की नाही यावरून दसऱ्याला बैठक बसली आणि तू ताटावरून उठून गेलीस, त्याबद्दल कुणी रागावलेलं नाही. काका दुसऱ्या दिवशी सकाळीच चहाला येऊन गेले. आत्या म्हणाली, पोरगी बोलली ते खरंच बोलली, पण सणाच्या दिवशी ताटावरून उठायला नको होतं. तेवढं मलाही वाटलं. तुझ्या ताटातली पोळी अण्णांनी आपल्या ताटात घेतली आणि कुणाशी न बोलता खाऊन टाकली. त्यांचं तुला माहीतच आहे.

"तुम्ही सगळ्यांनी मिळून माझं आयुष्य वाटून घेतलंय," म्हणालीस. रात्रभर ते डोक्यात राहिलं. मग मी एकेकाचं काय म्हणणं होतं ते आठवून बघितलं. काकांनी एम्सच्या त्या नर्सिंग ऑफिसरच्या परीक्षेचं काढलं, कारण ज्या कारखान्यात त्यांनी जन्म काढला तिथं त्यांचा पगार किती महिने अडकायचा हे त्यांनाच ठाऊक. त्यांना सरकारी शिक्का लागलेली पगाराची चिठ्ठी सोडून दुसरं काही दिसत नाही. पण त्यांनी माहिती नीट काढली होती बरं का. जीएनएम, म्हणजे तुझ्यासारखा नर्सिंगचा डिप्लोमा, झालेल्याला पन्नास खाटांच्या दवाखान्यात दोन वर्षांचा अनुभव लागतो, वय तिशीच्या आत लागतं. तुझी दोन वर्षं आता भरलीच. आत्याचं पोस्ट बेसिकच्या कोर्सचं म्हणणंही वाईट नव्हतं, दोन वर्षांत बीएस्सीची बरोबरी होते आणि पुढं शिकवता येतं. लग्नाचं बोलली ते सोडून दे. ती दर दसऱ्याला कुणाच्या तरी लग्नाचं बोलतेच. मामाचं तुला माहीत आहे. दादा काहीच बोलला नाही, आणि नंतर गोठ्यात मला म्हणाला, "तिला विचारलंय का कुणी?"

मी पण नाही विचारलं. मी तर त्या बैठकीत एकच गोष्ट दोनदा विचारली आणि दोन्ही वेळा ती बोलण्याच्या गलबल्यात वाहून गेली. ते कागदांचं. या पत्रात त्याबद्दल लिहायचं नाही असं ठरवूनच बसलेय.

जर्मनीला जायला माझा विरोध नाही, हे लेखी घे. तुझी जर्मन भाषेची बी-वन परीक्षा झाली तेव्हा मी आरोग्य केंद्रात पेढे वाटले. वैद्यकीय अधिकारी मॅडमनी विचारलं, म्हणजे काय हो ताई? मला सांगता आलं नाही. मी म्हणाले, तिथल्या भाषेत पेशंटला कुठं दुखतंय ते विचारता येतं आता तिला. मॅडम म्हणाल्या, मग एवढं पुरे आहे. तू भांडी घासताना फोन स्पीकरवर टाकून धडे म्हणायचीस आणि अण्णा सकाळी शेळ्यांना "गुटन मॉर्गन" म्हणत चारा टाकायचे. अजून टाकतात. त्याच्या वरच्या बी-टूचा फक्त ऐकण्याचा पेपर राहिला म्हणालीस, शंभरात साठ पाहिजेत आणि थोडक्यात गेले. बाकी वाचणं, लिहिणं, बोलणं तिन्ही पास. बाई, तुझं लहानपणापासून ऐकण्यातच अडतं.

चेष्टा केली. रागावू नको. ड्यूटी करून संध्याकाळी क्लासला जाणं काय असतं ते मला कळतं. दिवसभर सर्व्हे करून रात्री रजिस्टर भरायला बसल्यावर अक्षरं कशी हलतात ते मी बघितलंय.

आणि सर्व्हेवरून आठवलं. २०२० च्या सप्टेंबरमध्ये "माझे कुटुंब, माझी जबाबदारी"चं काम आलं, घरोघरी जाऊन ताप मोजायचा, ऑक्सिजन बघायचा. तुझी बारावी झाली होती आणि पुढं काय ते ठरत नव्हतं. काका म्हणत होते डीएड, मामा म्हणत होता इंजिनिअरिंगचा डिप्लोमा. तू माझ्याबरोबर वही धरून फिरलीस. खालच्या आळीतल्या त्या म्हातारीच्या बोटाला मशीन लावलं आणि आकडा ऐंशीच्या घरात आला, तेव्हा माझे हात कापत होते. तू तिला पालथं झोपवलंस, कुशीला उशी दिलीस आणि मला म्हणालीस, आई, तू फोन लाव, मी बसते हिच्याजवळ. टीव्हीवर बघितलं होतंस म्हणालीस नंतर. म्हातारी वाचली. दोन वर्षांपूर्वी गेली, पण ते वयानं. त्या दिवशी घरी येऊन तू मला काही विचारलं नाहीस, नुसतं सांगितलंस की नर्सिंगचा फॉर्म भरणार. कुणाची बैठक बसली नव्हती तेव्हा. मग बसली, पण ती पैशाची बसली, दिशेची नाही. काकांनी फी दिली पहिल्या वर्षाची, आत्यानं मिरजेत राहायला खोली दिली, मामानं दुसरं वर्ष उचललं. मला तीच बैठक बरी वाटते. माणसानं वाट धरावी, मग घरच्यांनी कुणी चप्पल द्यावी, कुणी भाकरी बांधून द्यावी.

या वेळी उलटं झालं. तू वाट सांगण्याआधीच सगळे भाकरी बांधून बसले, आणि प्रत्येकाची भाकरी वेगळ्या गावाची.

आता मामाचं. एजन्सीला द्यायचे अडीच लाख तो काढून देतो म्हणाला तेव्हा मी त्याच्या तोंडाकडं बघत होते. यंदा त्याच्या द्राक्षाच्या बागेत काय आहे सांगू? मे महिन्यापासून पाऊस लागला तो सुटलाच नाही. काडी पिकलीच नाही नीट, छाटणी घेऊन बघितली तर फुटव्यात घडच नाहीत, नुसता पाला. आपल्या बागेचं तेच आहे, अण्णांनी अजून अर्ध्या बागेची छाटणी थांबवलीय, डावणी रोगाची भीती आहे. मागच्या सालचा बेदाणा मामानं शीतगृहात ठेवलाय, तो विकून देणार तुला. मी नको म्हणणार नाही, त्याचं मन मोडेल. पण तू ते घेतलंस तर उसने म्हणून घे, वहीत लिहून घे, दोघांच्या सह्या करा. तो नाही म्हणेल, हसेल, तरी कर. मदत आणि कर्ज यांची सरमिसळ झाली की मग दहा वर्षांनी कुणाच्या तरी लग्नात ते बाहेर निघतं.

आणि ती जर्मनीला पाठवणारी एजन्सी. बघ, आलेच मी कागदांवर.

ते म्हणतात मूळ गुणपत्रकं, जीएनएमचं सर्टिफिकेट, नर्सिंग कौन्सिलचं रजिस्ट्रेशन सगळं त्यांच्याकडं जमा करायचं, फाइल पूर्ण होईपर्यंत. तू म्हणालीस, "आई, सगळेच देतात." सगळेच देतात म्हणून मला जास्त काळजी वाटते. काकांचा सचिन आला होता परवा, त्याला मी बसवलं. परराष्ट्र मंत्रालयाचं ते ई-मायग्रेट म्हणून आहे, त्यावर नोंदणी झालेले भरतीवाले बघता येतात. बाहेरच्या देशात माणसं पाठवायची तर १९८३ च्या कायद्यानं नोंदणी लागते, आणि असा नोंदणीवाला एजंट एका माणसाकडून सेवेचे तीस हजार आणि वर जीएसटी, एवढेच घेऊ शकतो. अडीच लाख कुठं आणि तीस हजार कुठं. सचिनला त्यांचं नाव यादीत सापडलं नाही. नावाचं स्पेलिंग चुकलं असेल त्याचं, तू स्वतः बघ. कदाचित ते म्हणतील, बाकीचे भाषेच्या क्लासचे, भाषांतराचे, तिकिटाचे. असतील. मग म्हणावं पावतीवर कशाचे किती ते वेगवेगळं लिहून द्या. लिहून द्यायला जो कुरकुरतो त्याचं पुढचं काय ते समजून घ्यावं.

काका म्हणाले, आपल्या सरकारनंच २०२४ मध्ये जर्मनीच्या त्या बाडेन-वुर्टेमबर्ग राज्याशी करार केलाय, मग घाबरायचं काय? करार सरकारचा आहे, या एजन्सीचा नाही. तसं तर आमच्या मानधनाचंही सरकारनं कबूल केलं होतं. तरी आम्हाला आझाद मैदानात जाऊन बसावं लागलं तेव्हा कुठं कागद निघाला.

आमच्या सिस्टरांची भाची तिकडं आहे. तिनं सांगितलं की तिकडं नर्स म्हणून मान्यता मिळवायच्या अर्जाला साक्षांकित प्रती आणि त्यांचं जर्मन भाषांतर जातं. मूळ कागद दाखवायला लागतो, पण दाखवून परत आपल्या पिशवीत. आणि गेल्या गेल्या नर्स म्हणून घेत नाहीत, हेही तिनंच सांगितलं. आधी सहायक म्हणून राबायचं, पगारही तसाच, कमी पडलेला अभ्यास भरून काढायचा किंवा त्यांची परीक्षा द्यायची, ती पास झाली की मग पूर्ण नर्स. एजन्सीच्या माणसानं बैठकीत फोनवर नर्सचाच पगार सांगितला, पहिल्या दिवसापासून मिळणार असल्यासारखा. तुला हे ठाऊक होतं, तुझ्या तोंडावरून दिसत होतं. तू तेव्हा का बोलली नाहीस? आणि करारात असंही असतं म्हणे, की अमुक वर्षं एकाच ठिकाणी काम केलं नाही तर खर्च परत द्यायचा. ते किती वर्षं, किती खर्च, हे वाचल्याशिवाय सही करू नकोस. मराठीत नसेल तर इंग्रजीत माग. जर्मनमध्ये असेल तर तूच वाच, शिकलीस कशाला.

पुरे झालं. मास्तरीणबाईसारखं झालं हे सगळं. तू वॉर्डात रोज संमतीपत्रावर सह्या घेतेस, मी तुला सही शिकवतेय. माफ कर.

पण एक गोष्ट आहे, ती मी कुणालाच सांगितली नाही. तुलाही सांगायची नव्हती. बैठकीत मी वेड्यासारखी तेच तेच विचारत होते आणि तू डोळे फिरवलेस, म्हणून सांगते.

१९९८ ला मी दहावी पास झाले. मला एएनएमला, म्हणजे नर्सिंगच्या छोट्या कोर्सला, जायचं होतं. तेव्हा दहावीवर घ्यायचे. माझ्या वडिलांची, तात्यांची, ना नव्हती. आपल्या भागात नर्स म्हणजे मिरज. वॉनलेस साहेबानं १८९४ साली तिथं दवाखाना काढला, तेव्हापासून पांढऱ्या साडीतल्या बायका बघतच आमच्या आयांच्या पिढ्या वाढल्या. माझी आई म्हणायची, तो कॅनडातला माणूस येऊन आपल्या लोकांचे डोळे उघडून गेला, आपल्या पोरीनं निदान मिरजेपर्यंत तरी जावं. तर तेव्हा ओळखीतला एक माणूस म्हणाला, फॉर्मबिर्म कशाला, माझी वरपर्यंत ओळख आहे, मी थेट लावून देतो. कागद द्या. मार्कलिस्ट आणि शाळा सोडल्याचा दाखला, दोन्ही मूळ. ते नेऊन दिले तुझ्या मामानं. एकोणीस वर्षांचा होता. बहिणीचं काम आपण केलं म्हणून सायकलवर शीळ घालत आला होता.

तो माणूस पुढं गावातून गेला. फॉर्मची तारीख गेली. मामा त्याच्या दारात जाऊन बसायचा, कुलूप बघून परत यायचा. दुसरी मार्कलिस्ट कोल्हापूर बोर्डातून काढायची हे कुणाला माहीत नव्हतं, ते कळेपर्यंत माझं लग्न ठरलं. तुमच्या अण्णांचं स्थळ चांगलं होतं, त्यात माझी काही तक्रार नाही. आशा म्हणून लागायच्या वेळी मामाच कोल्हापूरला जाऊन दुसरी प्रत घेऊन आला, त्यावर ठसठशीत शिक्का आहे दुय्यम प्रतीचा. माझ्या हातात ठेवली आणि चहा न घेता निघून गेला. त्या विषयावर आम्ही दोघं आजपर्यंत एक अक्षर बोललो नाही.

आता तुला कळेल तो अडीच लाख का काढतोय. आणि तेवढ्याच घाईनं परत कागद का देऊन टाकायला निघालाय. त्याला वाटतं या वेळी नक्की होईल. मला त्याची दया येते आणि भीतीही वाटते, एकदमच.

म्हणून म्हणते. तू जर्मनीला जा, दिल्लीच्या एम्सला जा, भोपाळच्या जा, नाहीतर आत्याच्या म्हणण्याप्रमाणे दोन वर्षं शिकून पोरींना शिकव. मी "तू ठरव" असं म्हणणार होते, पण खरं सांगायचं तर मला तू एम्सची एक परीक्षा देऊन बघावीस असं वाटतं. बी-टूची तयारी चालू असतानाच द्यायची, एकाला दुसरं आड येत नाही. लागली तर लागली. नाही तर जर्मनी कुठं पळून जातेय? हे माझं मत, काकांचं नाही. काकांनी मला पढवलेलं नाही. थोडं पढवलंय.

आणि एक कर. पुढच्या सुट्टीला येशील तेव्हा तूच बैठक बोलव. सगळ्यांना बसव आणि आधी तू बोल. कुणाकडून काय पाहिजे ते नावानिशी सांग. काकांना सांग, तुम्ही सरकारी जाहिरातींवर लक्ष ठेवा, तेवढंच. आत्याला सांग, मिरजेची खोली लागली तर मागेन. दादाला काही सांगू नको, त्याचा तो करतो. माझी पोस्टातली आरडी मार्चमध्ये सुटते, ती तुझ्या नावानं धरलीय. त्याला काही अट नाही. नाही म्हणलं तरी एक आहे, पण ती तुला आता पाठ झाली असेल.

काकांना "तुमच्या काळातलं आता चालत नाही" असं मात्र परत म्हणू नको. त्यांनी त्या काळातच तुझी फी भरलीय.

अण्णा बरे आहेत. गुडघा तसाच. डॉक्टरकडं चला म्हणलं की म्हणतात, अश्विनी आली की दाखवीन. तू आलीस तेव्हा दाखवला नाही, कारण बैठक होती. आता नवीन औषध त्यांनीच ठरवलंय, निवडुंगाचा चीक. मी फेकून दिला. आरेवाडीला बिरोबाला जाऊन आले मागच्या रविवारी, तुझ्या ऐकण्याच्या पेपरासाठी नारळ बोलले. देवाला जर्मन येत नसेल, पण तू दोन कानांनी ऐकलंस तर त्याला जास्त काम पडणार नाही.

दादा शनिवारी बेदाण्याची पेटी घेऊन मार्केट यार्डात येणार आहे, तसाच तुझ्याकडं येईल. त्याच्याबरोबर शेंगदाण्याची चटणी, चकल्या आणि पाव किलो हिरवा बेदाणा पाठवते. एक छोटं पितळी कुलूप पण आहे. हॉस्टेलच्या कपाटाला लावायचं. हसायचं नाही म्हणलं ना.

रात्री ड्यूटीवर उपाशी बसू नको. ताटावरून उठायचं तर भांडण संपवून मग उठ.

तुझी,
आई

ता. क. मामाला फोन कर. पैशाचं काढू नको आणि मी सांगितलेलं तर अजिबात नको. बागेचं विचार. घड लागलेत का, औषध कुठलं मारलं, एवढं विचारलंस तरी तो अर्धा तास बोलेल. नंतर सावकाश त्याला सांग की एजन्सीत जाशील तेव्हा झेरॉक्सच घेऊन जाणार आहेस, आणि त्यानं तुझ्याबरोबर यावं. त्याला बरोबर ने.